फोन मराठीत केला, मग कीबोर्डही: सहा महिन्यांच्या वापरानंतर

दादाचा फोन माझ्या हातात यायचा तो नेहमी एकाच वाक्यासोबत. "अगं, हे काय विचारतंय बघ जरा." पडद्यावर इंग्रजी चौकट, खाली दोन बटणं. मी घरात नसले की तो उजवीकडचं बटण दाबून मोकळा व्हायचा. त्या उजव्या बटणाने त्याच्या फोनातल्या किती ॲप्सना कॅमेरा, माइक आणि संपर्कांची यादी बहाल केली होती, ते मी पुढे एका बैठकीत मोजलं. एकोणीस.

दादाला इंग्रजी अक्षरं येतात, शब्दही लागतात, पण वाक्य मनात उतरत नाही. मराठी मात्र तो दिवसाला दोनशे पानं वाचतो. म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी आधी त्याचा आणि आठवड्याभरात माझा, असे दोन्ही फोन मराठीत केले. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. अक्षरांकडे बघण्याची सवय हाडात भिनलेली आहे, त्यामुळे हे परीक्षण थोडं अक्षरांच्या बाजूनेच झुकेल.

बदल करायला पाच मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात भाषा, तिथे 'भाषा जोडा'. यादीत प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत असते, म्हणून 'मराठी' हा शब्द मराठीतच शोधायचा. तो निवडून बोटाने धरायचा आणि ओढून पहिल्या क्रमांकावर न्यायचा. काही फोनांत नावं थोडी वेगळी असतात, पण दातेरी चाकाच्या चित्रापासून सुरुवात केली की वाट सापडते. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे, म्हणजे बऱ्यापैकी जुन्या फोनातही ती मिळते.

यात माझा आग्रह एकच: इंग्रजी काढून टाकू नका, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून भाषांची अशी क्रमवार यादी ठेवता येते. ज्या ॲपला मराठी येत नाही, ते यादीतली पुढची भाषा घेतं. आणि एखादंच ॲप इंग्रजीत हवं असेल तर अँड्रॉइड १३ पासून तशी वेगळी सोय आहे, आयफोनवर ती आयओएस १३ पासून आहे. पैशांच्या व्यवहाराचं ॲप दादाने इंग्रजीतच ठेवायला सांगितलं. "तिथली बटणं मला पाठ आहेत, ती हलवू नकोस." मी हलवली नाहीत. पाठ असलेली वाट भाषेपेक्षा मोठी असते, हे मला मान्य आहे.

आता मराठी पडद्याविषयी. बदल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाने एक खेळाचं ॲप घेतलं आणि चौकट आली. संपर्क वापरू द्यायचे का, असं विचारणारी. तो थांबला. मोठ्याने वाचलं. "माझ्या माणसांचे नंबर याला कशाला हवेत?" असं म्हणाला आणि 'अनुमती देऊ नका' दाबलं. मला न विचारता. पुढचं काहीच झालं नसतं तरी एवढ्यासाठी मी या बदलाला पूर्ण गुण दिले असते.

भाषांतर सगळीकडे सारखं नाही. 'व्यत्यय आणू नका' हे नाव वाचताक्षणी काम कळतं. 'सक्तीने थांबवा' तर इंग्रजीपेक्षा स्पष्ट वाटतं, त्यात बळजबरी ऐकू येते आणि माणूस दाबण्याआधी विचार करतो. वापरणाऱ्याला सगळीकडे 'तुम्ही' म्हटलं आहे, हे मला फार आवडलं. मात्र काही ठिकाणी इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवून ठेवला आहे. 'ॲक्सेसिबिलिटी' हे सहा अक्षरी नाव दादाला शेवटपर्यंत लागलं नाही. त्याच दालनात अक्षर मोठं करण्याची, पडदा वाचून दाखवण्याची सोय असते आणि ती नेमकी त्याच्याच वयाच्या माणसांना लागते. तिथे साधा मराठी शब्द हवाच होता.

दुसरी खटकणारी गोष्ट विभक्तीची. यंत्राच्या वाक्यात नावासाठी रिकामी जागा सोडलेली असते आणि प्रत्यय आधीच लिहून ठेवलेला असतो. मग 'कॅमेरा ने', 'गॅलरी ला' असं दिसतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलतं: कॅमेरा, कॅमेऱ्याने. रिकाम्या जागेत कोणतं नाव येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून हे होतं. कारण समजतं, तरी दिवसातून दहा वेळा ते तुटलेलं 'ने' डोळ्यांना बोचतं. 'कॅमेरा या ॲपने' अशी रचना केली असती तर नाव कोणतंही आलं तरी वाक्य शाबूत राहिलं असतं. भाषांतर करणाऱ्यांनी हा साधा मार्ग धरावा, असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांची बाब आधी कळलेली बरी. मराठी निवडली की घड्याळ, तारीख, बॅटरीची टक्केवारी, सगळं देवनागरी अंकांत येतं. हिंदी निवडल्यावर तसं सहसा होत नाही, कारण तिथे इंग्रजी अंक हेच मूळ ठरवलेले आहेत. पडद्यावर १०:४५ पाहून दादा खूश झाला. पण आठवड्याभराने एका अर्जात पडताळणीचा आकडा भरताना अडला. त्याचा कीबोर्ड देवनागरी अंक टाकत होता आणि अर्ज दर वेळी 'चुकीचा क्रमांक' म्हणत होता. ५ आणि त्याचा इंग्रजी जोडीदार आपल्याला एकच, यंत्राला ती दोन वेगळी चिन्हं. माझ्या कीबोर्डात अंक दाबून धरला की दुसरा मिळतो. अशा जागी इंग्रजी कीबोर्डवर जाणं सगळ्यात सरळ.

इथवरचं सगळं वाचण्याविषयी झालं. खरा फरक लिहिताना पडतो, आणि फोन मराठीत करणारी बहुतेक माणसं इथेच अर्ध्यावर थांबतात. पडदा मराठी, आणि लिहिताना मात्र इंग्रजी अक्षरांतून मराठी.

कीबोर्ड मराठी करायचा म्हणजे कोणता, हे आधी ठरवावं लागतं. बोटाने पडद्यावर अक्षर काढायची सोय मी दोन दिवस वापरली. ती छान ओळखते, पण लांब मजकुराला हात दुखतो. बोलून लिहिण्याची सोय दादाला फार आवडते. लांबलचक निरोप तो बोलूनच पाठवतो आणि त्यात विरामचिन्हं जवळजवळ नसतात. उरतात दोन: इंग्रजी अक्षरं टाकून मराठी शब्द निवडायचा तो, आणि थेट देवनागरी कळांचा तो.

पहिला प्रकार सगळ्यांना सोपा वाटतो. मलाही वाटला. इंग्रजीतून 'के-ए-एल' टाकलं की वर पट्टीत काल, कल, काळ, कळ असे शब्द येतात. तुम्ही त्यातला एक निवडता. वेल की वेळ, बाल की बाळ, मन की मण, हे सगळं त्या पट्टीवर अवलंबून. इंग्रजी अक्षरांत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे तुमच्या मनातल्या शब्दातली नेमकी मराठी असलेली खूण आधी पुसली जाते आणि मग यंत्र ती अंदाजाने परत आणतं. घाईत पहिला शब्द स्वीकारला जातो. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत गेल्या काही वर्षांत जी चूक सगळ्यात वाढली, तिचा उगम मला हा कीबोर्ड वापरताना सापडला. 'दऱ्याखोऱ्यांतून' असं लिहायचं असतं आणि समोर येतं 'दर्याखोर्यांतून'.

यावर थोडं थांबते, कारण माझ्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात र वर रफार होऊन बसतो आणि आघात द-वर येतो. दुसऱ्यात र आडव्या छोट्या रेघेचा होतो आणि आघात येत नाही. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. यंत्रालाही हे दोन वेगळे लिहून दाखवावे लागतात: रफारासाठी साधा र, पाय मोडायची खूण आणि य. त्या रेघेच्या र-साठी खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडायची खूण आणि य. हा ऱ थेट कळांच्या कीबोर्डवर हाताशी असतो. अंदाजाच्या कीबोर्डवर तो यंत्राला सुचला तरच मिळतो.

म्हणून मी इन्स्क्रिप्टकडे वळले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेली ही कळांची मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, वरचं अक्षर शिफ्टसोबत. ही मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे. मराठीत हात बसला की गुजराती किंवा कन्नड लिहितानाही क त्याच जागी सापडतो. पहिला आठवडा जीव मेटाकुटीला आला, खोटं कशाला सांगू. एका ओळीला पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात मात्रा न बघता येऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझी नजर पट्टीवरून उठून परत वाक्यावर आली, आणि तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी लिहीत नव्हते, निवडत होते.

दोष आहेत. छोट्या पडद्यावर कळा दाटीने बसतात, श आणि ष माझ्याकडून अजून चुकतात. खोडण्याची कळ मात्रेमात्रेने खोडते. 'क्ष' खोडायला तीनदा दाबावं लागतं, कारण आत क, पाय मोडायची खूण आणि ष असे तिघं असतात. सुरुवातीला मराठीसोबत हिंदीही चालू ठेवली होती, तर 'नाही' लिहिताना 'नहीं' पुढे यायचं. हिंदी यादीतून काढल्यावर सूचना सुधारल्या. ज्यांना दोन्ही लागतात त्यांनी दोन स्वतंत्र कीबोर्ड ठेवावेत आणि पृथ्वीच्या गोलाची कळ किंवा स्पेसची कळ दाबून धरून बदलावेत.

नवा कीबोर्ड चालू करताना फोन इशारा देतो की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसह, गोळा करू शकतो. दादा तो मराठीत वाचून दचकला आणि मला फोन केला. बरं केलं. हा इशारा बाहेरून घेतलेल्या कोणत्याही कीबोर्डला येतो. कीबोर्ड ज्यांचा आहे त्यांच्यावर विश्वास असेल तरच पुढे जायचं.

आणखी एक चमत्कारिक अडचण 'ॲ'ची. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या यादीत, हे अक्षर स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत, आणि कित्येक कीबोर्ड आजही तसंच करतात. 'ॲप' आणि 'अ‍ॅप' डोळ्यांना एकच. पण शोध घ्याल तर एक टाकल्यावर दुसरं सापडेलच असं नाही. माझ्या नोंदींत अर्धे शब्द असे हरवले होते. संपर्कांचंही तसंच: नाव इंग्रजीत साठवलेलं असेल तर देवनागरीत टाकून माझ्या फोनात ते मिळत नाही. रोजच्या पंचवीस माणसांची नावं मी बसून मराठीत केली, बाकीची राहिली आहेत.

साधा एसएमएस पाठवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. मात्राही त्यात मोजल्या जातात. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात आणि तितके एसएमएस धरले जातात.

मराठी पडदा सगळ्यांनी करावा, असं मी म्हणेन. ज्येष्ठांच्या फोनात तर नक्कीच, पण त्यांच्या शेजारी बसून आणि त्यांना विचारून. देवनागरी कळांचा कीबोर्ड मात्र ज्याला चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं आहे त्याने घ्यावा आणि तीन आठवडे सोडू नये.

दादाने मागच्या महिन्यात बोलून लिहिणं कमी केलं आणि त्याच्या डोंगरभटकंतीच्या आठवणी कळांनी लिहायला घेतल्या. दिवसाला अर्धं पान. काल रात्री त्याचा निरोप आला: "ज्ञ सापडत नाही." मी कळवलं, ज, मग पाय मोडायची खूण, मग ञ. बराच वेळ काही आलं नाही. मग एकापाठोपाठ तीन शब्द आले: आज्ञा, संज्ञा, प्रतिज्ञा.