लाईन गेली की मेल बंद: स्वतःच्या वेबमेल सर्व्हरचे आठ महिने

परवा संध्याकाळी पतसंस्थेच्या लेखापालांचा फोन आला. "भाऊ, मेल जाऊन नाही राहिला. पासवर्ड चुकीचा म्हणते." कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये तीनदा टाकून झाला होता, कॅप्स लॉक पाहून झालं होतं, कॉम्प्युटरही बंद-चालू करून झाला होता. मी एवढंच विचारलं, "दुपारी लाईन गेली होती का?" गेली होती. आमच्या घाटंजीकडे आभाळ नुसतं गडगडलं तरी जाते.

त्यांचा मेल मी चालवतो त्या सर्व्हरवर आहे. त्यावर तीन प्रोग्रॅम: मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, खाती सांभाळून पासवर्ड तपासणारा डव्हकॉट आणि वर राउंडक्यूब, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल उघडायचं पान (वेबमेल). शेतकरी कंपनी, पतसंस्था आणि भाच्याचं कृषी सेवा केंद्र, अशी तीन डोमेन (मेलच्या पत्त्यात ॲटनंतर येणारं नाव), मिळून 21 खाती. खात्यामागे दरमहा पैसे मोजायची कोणाचीच तयारी नव्हती. म्हणून एक लहानसा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, घेतला, भाडं वर्षाचं एकदम, कापूस विकल्यावर.

एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन चालवायची सोय, म्हणजे व्हर्च्युअल डोमेन, तिचं काम मात्र झकास. सुरुवातीला चुकलो तो मीच: पहिल्या आठवड्यात मी कंपनीचं डोमेन मायडेस्टिनेशनमध्येही (सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनची यादी) लिहिलं आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेनच्या यादीतही. दोन्हीकडे लिहिलं की पोस्टफिक्स त्याला लोकल समजतो, सर्व्हरवर त्या नावाचा युजर शोधतो आणि सापडला नाही की मेल परत. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तसा इशारा स्वच्छ येतो. मी लॉग वाचत नव्हतो, ही चूक माझी. त्यानंतर तिन्ही डोमेनवर 'इन्फो' नावाची वेगवेगळी खाती आहेत आणि एकाची टपाल दुसऱ्याकडे कधी गेली नाही. राउंडक्यूबच्या युजरनेम डोमेन या सेटिंगमध्ये टक्का-डी (%d) टाकलं, की ज्या पत्त्यावरून पान उघडलं तेच डोमेन नावामागे आपोआप लागते. कंपनीचे अध्यक्ष फक्त नाव टाकतात. त्यांना ॲट कुठल्या बटणावर आहे हे अजूनही माहीत नाही, गरजच पडली नाही.

आता लाईनीचं. डव्हकॉटमध्ये अलाउ नेट्स म्हणून सोय आहे: कोणतं खातं कोणत्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता) उघडेल ते ठरवता येते. पैशांचा व्यवहार, म्हणून पतसंस्थेच्या खात्यांना मी त्यांच्या ऑफिसचा आयपी बांधून दिला. मेल पाठवताना पासवर्ड बरोबर आहे का हे पोस्टफिक्सही डव्हकॉटलाच विचारतो, त्यामुळे पाठवणंही त्याच आयपीवरून. पहिले दोन महिने मी ही सोय चार लोकांना कौतुकाने सांगितली. पण लाईन गेली की राऊटर बंद, आली की नवा आयपी, आणि समोरच्याला दिसते काय, तर पासवर्ड चूक. ऑथ व्हर्बोज, म्हणजे लॉगिनची सविस्तर नोंद, चालू केल्याशिवाय लॉगमध्येही खरं कारण येत नाही. या एका गोष्टीपायी मी फाल्गुनात रात्री अकरा वाजता मोटरसायकल काढली आहे. स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणाऱ्या, आयपीला दरमहा वेगळे पैसे, ते पतसंस्था देत नाही आणि मी तर देणारच नाही.

परवाही नवा आयपी लिहून देत होतो, तेवढ्यात लेखापाल म्हणाले, "राहू द्या, मोबाईलवर ब्राउझरमध्ये उघडला." मी हातातला चहा खाली ठेवला. मोबाईलच्या डेटाचा आयपी यादीत नाही, त्यावरून उघडायलाच नको होता!

कारण साधं निघालं. राउंडक्यूब त्याच सर्व्हरवर बसतो, म्हणून वेबमेलमधून येणारा प्रत्येक माणूस डव्हकॉटला 127.0.0.1 दिसतो, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच आतला पत्ता (लोकलहोस्ट). आणि वेबमेल चालावा म्हणून तो आकडा यादीत मीच घातला होता. म्हणजे आठ महिने पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. चोर आला नाही, इतकंच. लेखापालांचे फोन मात्र नेमाने आले.

त्याच रात्री डव्हकॉटच्या लॉगिन ट्रस्टेड नेटवर्क्समध्ये (माणसाचा खरा आयपी कोणी सांगितला तर मानायचा, त्याची यादी) लोकलहोस्ट टाकला, राउंडक्यूबला खरा आयपी पुढे पाठवणारं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) लावलं आणि यादीतून 127.0.0.1 काढला. आता कुलूप खरं लागलं, आणि सकाळी संचालक मंडळाचा अर्धा गट बाहेर, कारण सगळे मोबाईलवरचे. मोबाईल कंपनीचा अख्खा पट्टा उघडून द्यावा, तर एकेका आयपीमागे हजारो लोक असतात. मग त्या कुलपाला अर्थ काय?

शेवटी आयपीची अट फक्त हिशेबाच्या एका खात्यावर ठेवली आणि लेखापालांच्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड लावून दिलं, म्हणजे तिथून थेट सर्व्हरपर्यंत इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा. ते खातं आता बोगद्यातल्या ठरल्या पत्त्यावरूनच उघडते, बाहेरचा आयपी काही का असेना. बाकीच्यांना लांब पासवर्ड. खर्च शून्य, वेळ दीड तास, त्यात अर्धा तास लेखापालांचा ॲडमिन पासवर्ड शोधण्यात. तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला सापडला, मागच्या वर्षीच्या.