आठ आठवड्यांचा स्व-करुणेचा वर्ग: काय मिळाले आणि काय राहून गेले

स्वतःला सतत दूषणे देण्याची सवय जडलेल्या माणसांसाठी चालवला जाणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन वर्ग मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण एखाद्या संस्थेला गुण देणे हा माझा हेतू नाही. अशा वर्गाकडून काय मागावे आणि तिथे कोणते प्रश्न विचारावेत, हे मला सांगायचे आहे.

मी वर्गात गेले ते माझ्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याच्या हिशेबात आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले होते, ‘साधी बेरीजसुद्धा तुझ्यावर सोपवायची सोय नाही.’ पुढे काही आठवड्यांनी त्याच्या हातून दुसरी चूक झाली, ती त्याने झाकून ठेवली, आणि ती उघडकीस आली तोवर तिघांचे कित्येक दिवसांचे काम वाया गेले होते. वेळीच का सांगितले नाहीस, असे मी विचारले तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. उत्तर मला ठाऊक होते. त्या रात्रीपासून मी त्याच सुरात स्वतःशी बोलू लागले: तुला माणसे सांभाळता येत नाहीत, तू या जागेला लायक नाहीस. त्याच्यावर चालवलेला आसूड मी हात न बदलता स्वतःवर चालवत होते, आणि यालाच मी पश्चात्ताप समजत होते.

वर्गाचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांनी २०१० मध्ये आखलेल्या अभ्यासक्रमाचा आहे. नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणेची जी मांडणी केली तिच्यात तीन जोड्या आहेत: स्वतःशी ममतेने वागणे आणि त्याविरुद्ध स्वतःला झोडपणे, आपले दुःख सगळ्या माणसांच्या वाट्याला येणारे आहे ही जाणीव आणि त्याविरुद्ध आपणच तेवढे वाईट अशी एकाकी भावना, आणि मनात जे चालले आहे ते सजगतेने पाहणे आणि त्याविरुद्ध त्यातच वाहून जाणे. सव्वीस विधानांची त्यांची प्रश्नावली वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतात. साप्ताहिक सत्र सुमारे अडीच तासांचे असे, मध्ये एक अर्ध्या दिवसाचे मौनसत्र होते, आणि रोज वीस-पंचवीस मिनिटांचा सराव घरी करायचा होता.

पहिल्याच सत्रातला सराव साधा होता. जवळच्या मैत्रिणीच्या हातून तुमच्यासारखीच चूक झाली असती तर तुम्ही तिला काय म्हणाला असता, ते लिहा. मग स्वतःला काय म्हणालात, ते शेजारी लिहा. दोन्ही मजकूर समोर आले तेव्हा शब्दांपेक्षा सुरातला फरक मला अधिक बोचला. मैत्रिणीला मी विचारले होते, ‘काय झालं नेमकं?’ स्वतःला मी काहीच विचारले नव्हते, थेट निकाल सुनावला होता. मात्र या सरावात एक मोठी गोष्ट सुटते. ज्या सहकाऱ्यावर मी तोंडसुख घेतले तो माझा मित्र नव्हता, आणि मैत्रिणीला आपोआप मिळणारी ती चौकशी त्याला माझ्याकडून मिळाली नव्हती. तिसरा रकाना कागदावर हवा होता. मी तो स्वतः आखला, आणि पुढचे सात आठवडे वर्गातला प्रत्येक सराव तीन रकान्यांत केला.

त्या तिसऱ्या रकान्यामुळे मला आपल्या भाषेतली एक लकब दिसली. स्वतःच्या हातून काही बिघडते तेव्हा आपण म्हणतो, ‘कप फुटला’, ‘सांगायचं राहून गेलं’, ‘उशीर झाला’. तेच दुसऱ्याने केले की आपण म्हणतो, ‘त्यानं कप फोडला’, ‘त्यानं सांगितलं नाही’, ‘तो उशिरा आला’. कपही तोच आणि तुकडेही तेच, पण एका वाक्यात कर्ता गळतो आणि दुसऱ्यात तो आरोपीसारखा पुढे उभा केला जातो. मानसशास्त्रात या प्रवृत्तीचा अभ्यास जुना आहे. जोन्स आणि हॅरिस यांच्या १९६७ च्या प्रयोगात वाचकांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध दिले गेले, आणि लेखकाला बाजू नेमून दिली होती हे माहीत असतानाही वाचकांनी निबंधातले मत त्याचेच असल्याचे धरले. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती वगळून सगळा भार त्याच्या स्वभावावर टाकण्याच्या या चुकीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिले. आमच्या मार्गदर्शकांनी हा विषय पाच मिनिटांत उरकला, याचे मला वाईट वाटले, कारण माझ्या मते सगळ्या निंदेचे मूळ इथेच आहे: क्रियापदाचे विशेषण होते. ‘चुकला’चा ‘बेफिकीर’ होतो, ‘बोलली नाही’ची ‘आतल्या गाठीची’ होते. क्रियापदाला काळ असतो, ते घडून संपते. विशेषण मात्र माणसाला चिकटून राहते. स्वतःला झोडपणारी माणसे तर ‘फुटला’ म्हणण्याची सवलतही गमावून बसतात आणि ‘फोडला’वर न थांबता ‘मी आहेच धांदरट’पर्यंत जातात.

वर्गातल्या बहुतेकांच्या मनात एक भीती होती, आणि माझ्याही: स्वतःला माफ करू लागलो तर आपण ढिले पडू. चौथे सत्र या भीतीला दिलेले होते आणि ते माझ्या मते संपूर्ण वर्गातले सर्वोत्तम सत्र ठरले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांचे म्हणणे तिथे समजावून सांगण्यात आले: धोका ओळखून शरीराला लढायला किंवा पळायला लावणारी आपली यंत्रणा बाहेरच्या हल्ल्याने जशी जागी होते, तशीच ती आपण स्वतःवर केलेल्या हल्ल्यानेही जागी होते. धोक्यात सापडलेला माणूस शिकत नाही, तो निसटायची वाट शोधतो. ज्युलियाना ब्रेइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपैकी एकात, अवघड चाचणीत कमी पडलेल्यांपैकी ज्यांना आपल्या अपयशाकडे ममतेने पाहायला सुचवले होते त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. माझ्या मनातली गाठ मात्र सुटली ती अपराधभाव आणि लाज यांतला फरक ऐकून. ‘मी वाईट वागले’ हा अपराधभाव, ‘मी वाईट आहे’ ही लाज. जून टँगनी यांच्या संशोधनात अपराधभाव माणसाला भरपाईकडे, माफी मागण्याकडे नेताना दिसतो, तर लाज त्याला लपायला, नाकारायला किंवा उलट दुसऱ्यावर दोष ढकलायला लावते. मी आठवडेच्या आठवडे लाजेत घालवले होते आणि त्या काळात त्या मुलाची एकदाही माफी मागितली नव्हती, हे मला त्या सत्रात, कॅमेरा बंद करून बसलेली असताना, लख्ख कळले.

इथेच वर्गाने एक पाऊल पुढे जायला हवे होते. आपल्या कठोर शब्दाने दुसऱ्याच्या मनातही तीच यंत्रणा जागी होते आणि तोही लपू लागतो, हे सांगायला फार वेळ लागला नसता. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा, १९९६ मध्ये मांडल्याप्रमाणे, त्यांना प्रथमदर्शनी उलटे चित्र दिसले: ज्या पथकांतले नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते तिथे औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती. कारण असे की तिथल्या माणसांना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. जिथे झोडपले जाते तिथे चुका कागदावर येतच नाहीत. माझ्या सहकाऱ्याने झाकलेली ती चूक याच जातीची होती. माझ्या पहिल्या वाक्याने तिच्यावर झाकण ठेवले होते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेविषयी आहे. ज्याला कधी ममता मिळालेली नाही अशा माणसाने स्वतःशी मायेने बोलायला सुरुवात केली की जुन्या जखमा एकदम वर येऊ शकतात. गर्मर यांनी या अनुभवासाठी अग्निशामक दलाच्या कामातला दृष्टान्त दिला आहे: बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीला दार उघडून हवा मिळाली की ज्वाळा उसळतात. ही सूचना आम्हाला तिसऱ्या सत्रात मिळाली. तोवर एक सहभागी रडत वर्ग सोडून गेली होती. ती परत आली नाही. सुरुवातीला भरून घेतलेल्या अर्जात सध्या उपचार चालू आहेत का, गंभीर नैराश्य किंवा आघाताचा इतिहास आहे का, असा एकही प्रश्न नव्हता. हा वर्ग म्हणजे उपचार नव्हे, हे पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत सांगितले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप एका प्रश्नाच्या उत्तराविषयी आहे. सहाव्या सत्रात एका बाईंनी विचारले की, ज्या माणसाने आपल्याला वर्षानुवर्षे छळले त्याच्याविषयीचे मतही सोडून द्यायचे का. मार्गदर्शक म्हणाले, ‘कोणाचाही न्याय करू नका, तोही दुखावलेलाच असेल.’ हे उत्तर चूक होते आणि क्रूरही होते. छळाला छळ म्हणणे, त्या माणसापासून दूर राहणे, त्याच्याविरुद्ध दाद मागणे, यांतले काहीही निंदा नव्हे. कृत्याचे मूल्यमापन करावेच लागते, नाहीतर दुबळ्याच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही. टाळायचा असतो तो संपूर्ण माणसावर कायमचा मारलेला शिक्का, आणि तो टाळण्याची जबाबदारी सर्वांत आधी छळ सोसलेल्या व्यक्तीवर टाकणे हा पुन्हा तिच्यावरच केलेला निवाडा आहे. त्या बाई त्यानंतर फारसे बोलल्या नाहीत. मीही तेव्हा गप्प राहिले, याची मला खंत आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा. ध्यानाच्या ध्वनिफितींमध्ये ‘मी स्वतःप्रती दयाळू असो’ अशी वाक्ये येतात आणि ती मनाला लागत नाहीत, कारण असे कोणी कोणाशी बोलत नाही. मी ती बदलून ‘असू दे, होतं असं, ऊठ आता’ असे केले आणि मग सराव जमला. संस्थेने ध्वनिफिती पुन्हा करून घ्याव्यात आणि त्यासाठी आपल्या भाषेत घरी मुलांची समजूत काढणाऱ्या माणसांची मदत घ्यावी.

मार्गदर्शकांची तयारी एरवी चांगली होती, गट बावीस जणांचा म्हणजे थोडा मोठा होता, आणि तांत्रिक अडचण जवळजवळ आली नाही.

ज्यांच्या डोक्यात सतत स्वतःविरुद्ध खटला चालू असतो पण ज्यांचे रोजचे जगणे सुरळीत आहे, त्यांना मी हा वर्ग सुचवेन. ज्यांची झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच हरवली आहे त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आणि जे माझ्यासारखे, दुसऱ्याला टाकून बोलल्यामुळे इथवर आले असतील, त्यांनी तिसरा रकाना स्वतः आखण्याची तयारी ठेवावी. शेवटच्या प्रश्नावलीत स्वतःला झोडपण्याच्या विधानांवरचे माझे गुण पुष्कळ उतरले होते. दुसऱ्यांशी मी कशी बोलते हे विचारणारे विधान तिच्यात नव्हते.

सातव्या आठवड्यात मी त्या सहकाऱ्याला एकांतात भेटले आणि सगळ्यांसमोर जे बोलले ते चूक होते, असे सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, जिथे ते बोलले होते तिथेच, पुन्हा सांगितले. तो ‘ठीक आहे’ एवढेच म्हणाला. पुढच्या सोमवारी त्याने एका तक्त्यातली स्वतःची चूक आपणहून आणून दाखवली, आणि मी त्याला विचारले, ‘काय झालं नेमकं?’

हे सर्व आक्षेप मी संस्थेला लेखी कळवले आहेत. पुढच्या वर्गापासून आगीच्या दृष्टान्ताची सूचना पहिल्या सत्रात दिली जाईल आणि अर्जात उपचारांविषयीचे प्रश्न घातले जातील, असे त्यांचे उत्तर आले आहे. सहाव्या सत्रातल्या त्या उत्तराबद्दल त्यांनी अजून काही लिहिलेले नाही. मी पुन्हा विचारले आहे.