बोंबील वाळवायला उघडी दोरी की बंद ड्रायर?

माशातून उडालेल्या वाफेचा प्रत्येक कण दिशाहीन भटकत असतो. स्थिर हवेत तो सेंटीमीटरभर अंतर सुमारे 2 सेकंदांत ओलांडतो, पण मीटरभर जायला त्याला साडेपाच तास लागतात. अंतर शंभरपट, वेळ दहा हजारपट! म्हणून वारा लागतोच. पण तो वारा वाफेला बाहेर नेतो की जागच्या जागी फिरवतो, हे आधी पाहा.

दोरीवर ही अडचण नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगले की मासा चहूबाजूंनी उघडा राहतो आणि दुपारचा खारा वारा वाफ घेऊन निघून जातो. ओट्यावर पसरलेल्या माशाची खालची बाजू कोंडते, वास तिथूनच धरतो. दोरीला जाच आहे तो माश्यांचा, ढगांचा आणि दवाचा. संध्याकाळी झाकायला विसरलात तर रात्री ओलावा परत शिरतो.

ड्रायरमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे आत जोरदार पंखा आणि बाहेर पडायला बोटभर भोक. 10 किलो ओल्या बोंबलात जवळपास 9 किलो पाणी असतं. 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 45 अंशांपर्यंत तापवली तरी एक घनमीटर हवा फार तर 6-7 ग्रॅम वाफ उचलते, कारण पाणी उडताना तीच हवा गार होते. 30 तासांत काम उरकायचं तर ताशी किमान 45 घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. आम्ही 70 धरा म्हणू. कोपऱ्यात भोवरा झाला की तिथली जाळी ओलीच राहते. गणिताने तर हे सिद्धच केलंय: पूर्ण गोल चकतीत नुसतं ढवळल्याने सगळ्यात अडकलेल्या कणाची सुटका लांबत नाही, पण चौकोनात काही प्रवाह असे असतात की सगळ्यात अडकलेला कण स्थिर हवेपेक्षाही उशिरा सुटतो.

वरची कातडी कोरडी झाली की मात्र वाऱ्याचं काम संपलं. आतलं पाणी मांसातून 5 मिलिमीटर सरकायला दीड दिवस घेऊ शकतं. तेव्हा पंखा मंद करा. सुरुवातीलाच 50-55 अंश दिलेत तर मासा शिजतो, वर कवच धरतं आणि आत ओल राहून पुढे बुरशी येते. डोक्यामागचा जाड भाग चिमटीत दाबा. मऊ लागला तर अजून वेळ आहे.

ऑक्टोबरनंतर, किनाऱ्यावर मोकळी जागा असेल तर आमचं मत दोरीलाच. ढगाळ दिवसांसाठी किंवा वाडीत आत राहत असाल तर ड्रायर घ्या, पण पंख्याआधी त्याचं धुराडं मोजा.