पेट्रोल कॉकच्या नावावर ३,७०० रुपयांचा चुना

आरएक्स, येझदी, राजदूत असल्या जुन्या गाड्या सांभाळणारे नागपुरात बरेच आहेत म्हणून लिहून राहिलो, नाहीतर स्वतःचा मूर्खपणा असा चारचौघात कोण सांगते. माणसाचं नाव लिहीत नाही, माझ्याजवळ बिल नाही त्यामुळे नाव घेऊन उगाच भानगड नको, पण त्याची पद्धत नीट सांगतो, ओळखू येईल.

गाडी बाबांची, आरएक्स १००, १९९२ची. मानकापूरहून कोराडीच्या पॉवर स्टेशनला बाबा रोज हिच्यावरच जायचे, मेंटेनन्सला होते, त्यामुळे गाडीला बाहेरचा हात फार कमी लागला. मार्चमध्ये पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, गळायला लागला, म्हणजे ऑफ केला तरी सकाळी खाली एक डाग, लिव्हरच्या बाजूनं ओलं. बाबांचं मनगट आता दुखते, बारीक काम होत नाही, आणि मला वाटलं आपण ‘चांगल्या’ माणसाला देऊ. तिथंच चुकलो.

मोबाईलवर जुन्या पार्ट्सची खरेदी-विक्री चालते त्यात हा माणूस सापडला. टाक्या चमकवलेले फोटो, क्रोम केलेले मडगार्ड, बोलणं एकदम गोड, सर सर करून. मी म्हटलं रबर बदलून द्या बस. तो म्हणे सर आता पंपावर ई२० मिळते, त्यात इथेनॉल असते, जुनं रबर त्यात टिकतच नाही, व्हायटन नावाचं रबरच टाकावं लागते, आणि व्हायटनला नुसतं बसवून चालत नाही, इम्पोर्टेड ग्रीस लागते, विमानात वापरतात ते. आता गंमत अशी की यातलं अर्धं खरं आहे. इथेनॉल काही रबरांना खरंच त्रास देते, व्हायटन त्याला चांगलं तोंड देते, आणि पेट्रोलमध्ये टिकणारं ग्रीससुद्धा असते. अर्धं खरं होतं म्हणून तर मी फसलो ना, पूर्ण खोटं असतं तर बाबांनीच पकडलं असतं.

हिशोब असा झाला: व्हायटन किट १,४००, ग्रीसची डबी ९००, अल्ट्रासोनिक सफाई ८००, मजुरी ६००. एकूण ३,७००. युपीआयवर दिले. बिल मागितलं तर म्हणे सर आपल्यात काय बिल. डबी मात्र माझ्या हातात दिली, बाकीचं ग्रीस तुमचंच म्हणून, वर इंग्रजी अक्षरांचं चकचकीत लेबल. किटमधलं एक जास्तीचं रबरी रिंगही दिलं, आणि हेच पुढं त्याला नडलं. जुनं रबर मागितलं तर फेकलं म्हणे.

गाडी एप्रिलच्या मध्यात परत आली. लिव्हर अशी फिरे की लोण्यात सुरी. मी तर खूश, दोन बोटांनी ऑन, रिझर्व्ह, ऑफ करून शेजाऱ्यांना दाखवलं. गळती शून्य. बाबांनी लिव्हर फिरवली, बोटाला लागलेलं पांढरट वंगण पाहिलं आणि विचारलं, “याच्यात इतकं वंगण काऊन भरलं बे? हे कॉक आहे का बैलगाडीचा आख?” मी म्हटलं बाबा इम्पोर्टेड आहे. ते गप्प बसले. ते गप्प बसले की समजायला पाहिजे होतं.

अकराव्या दिवशी झाशी राणी चौकात सिग्नलला गाडी घुरघुरली आणि बंद. टाकीत पेट्रोल अर्धं. रिझर्व्हवर टाकायला गेलो तर लिव्हर हलेना, जोर लावून फिरवली तर आतून भळभळ गळायला लागलं, खाली गरम इंजिन, वर ४३ डिग्रीचं ऊन, मागून बसवाला हॉर्न देऊन राहिला. कसाबसा ढकलत मेट्रो स्टेशनच्या सावलीत नेली आणि खिशातला रुमाल कॉकखाली बांधला. त्या दिवशी जवळ कोणी सिगारेट पेटवली असती तर हे लिहायला मी नसतो.

गाडी नेली महाल भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे, बाबांच्या वेळचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी दोन छोटे स्क्रू काढले, प्लेट काढली, लाटेसारखी वाकलेली वॉशर काढली, लिव्हर उचलली आणि आतलं चार भोकांचं रबर मला दाखवलं. फुगून पुरीसारखं झालं होतं, चारातली दोन भोकं जवळपास मिटली होती, मग पेट्रोल जाईल कुठून. आणि लिव्हरची जी चकती रबरावर घासते तिच्यावर आडव्या चिरा. चाचा म्हणाले, “भाऊ, ह्या चिरांवर काहीच काम नाही केलं त्यानं. ग्रीस थापलं, ग्रीसनं चिरा बुजल्या, दहा दिवस गळलं नाही. पेट्रोलनं ग्रीस धुतलं, खेल खतम.”

आता इथं जरा थांबून सांगतो कारण खरी गोम इथंच आहे. कॉक गळायचा थांबतो तो रबर चकतीवर सपाट दाबलं जाते म्हणून, वंगणानं नाही. वंगण फक्त इतक्यासाठी की बसवताना रबर मुडपू नये, फाटू नये आणि पहिल्या वेळी लिव्हर कोरडी घासू नये. चाचा तर बोटावर टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) एक थेंब घेतात, रबरावर नुसती चमक येईल इतकाच फिरवतात, नंतर पेट्रोल स्वतःच रबर ओलं ठेवते. व्हॅसलीन, साधं चाकाचं ग्रीस हे सगळं पेट्रोलमध्ये विरघळते आणि कार्ब्युरेटरकडे जाते. साधं सिलिकॉन ग्रीसही पेट्रोलमध्ये टिकून राहत नाही. टिकणारं लागतच असेल तर फ्लोरोसिलिकॉन म्हणून मागा, ते वेगळं येते आणि महाग असते, आणि तेही असं थापायचं नसते.

घरी आलो तर डबीचं नाटक बाकी होतं. मे महिना लागला होता, डबी गॅलरीच्या कठड्यावर राहिली होती, संध्याकाळी उघडली तर आत तूप! म्हणजे अक्षरशः पातळ, हलवलं की डुलून राहिलं. खरं सिलिकॉन ग्रीस नागपूरच्या उन्हानं पातळ होत नाही, ते याच्या कितीतरी पट गरम सहन करते. वितळते ते व्हॅसलीन. वास घेतला तर तोच ओळखीचा वास. काचेच्या बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये हरभऱ्याएवढं टाकलं, जरा वेळानं बाटलीत काही दिसेचना. ९०० रुपये.

मग डोक्यात किडा गेला. जास्तीचं रिंग होतं ना, ते घेऊन इतवारीच्या सराफा बाजारात गेलो, ओळखीच्या सोनाराकडे. तो हसला, म्हणे आता रबरही मोडीत घेऊ काय. पण काटा दिला. रिंगचं वजन ०.५९ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि रिंग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत धरलं, तळाला न टेकवता, आकडा आला ०.५१, म्हणजे रिंगच्या जागेएवढ्या पाण्याचं वजन. ०.५९ ला ०.५१ नं भागलं की घनता १.१६च्या आसपास. व्हायटनची १.८ असते, म्हणजे एवढंच रिंग व्हायटनचं असतं तर ०.९ ग्रॅमच्या वर भरलं असतं. तपकिरी रंग पाहून मी व्हायटन समजलो होतो, आणि रंगाचं काय, काळं व्हायटनही मिळते आणि तपकिरी रंग कशालाही देता येतो. सोनाराला इतकं आवडलं की त्यानं चहा पाजला.

आता वाटलं चला, व्हायटन नाही तर नायट्राइल रबर तरी असेल, तेही पेट्रोलला बऱ्यापैकी टिकते. रात्रभर रिंग पेट्रोलच्या झाकणाच्या बाटलीत गॅलरीत ठेवलं (घरात, गॅसजवळ अजिबात नाही हां), सकाळी बाबांच्या व्हर्निअरनं मोजलं. २६ मिलिमीटरचं ३३ झालं होतं. नायट्राइल असं फुगत नाही. ज्याला पेट्रोल चालतच नाही अशातलं कुठलं तरी रबर, पाण्याच्या पंपाचं बिंपाचं असेल.

त्याला फोन केला. पहिले तर म्हणे सर, पेट्रोल कुठून भरलं? ई२० आहे ना, तेच खाते रबर. मी म्हटलं अरे भाऊ, त्याच ई२०साठी तर तू १,४०० घेतले! मग दोन मिनिटं शांत. मग सर तुम्ही लिव्हर जोरात फिरवली असेल. मग मी बाटलीतल्या रिंगचा फोटो आणि काट्याच्या आकड्याचा फोटो पाठवला. ५०० रुपये परत आले, बिना मेसेजचे, आणि नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला लावलं, त्यांनी बिल विचारलं, माझ्याजवळ काय तर पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, त्यात कशाचे ते लिहिलेलंच नाही. पैसे पाठवताना खाली ‘कॉक रबर, व्हायटन’ एवढं टाइप केलं असतं तरी हातात काहीतरी राहिलं असतं. सांगून ठेवतो, तेवढं टाइप करत जा. आणि जुने पार्ट उभं राहून ताब्यात घ्या, ‘फेकले’ ऐकून घेऊ नका.

चाचांनी काच घेतली, तिच्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याचे थेंब, आणि चकती इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू घासली, चिरा जाईपर्यंत. नवीन नायट्राइलचं रबर आणि रिंग १६० रुपये, मजुरी २००, कार्ब्युरेटर धुऊन दिला तो फुकट. लिव्हर लोण्यासारखी नाही फिरत, थोडी कडक आहे, आणि चाचा म्हणे अशीच पाहिजे. पाच महिने झाले, पावसाळा गेला, खाली डाग नाही.

डबी अजून आहे. बाबांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना लावली. फाटक आता अजिबात करकरत नाही, कोणी घरी आलं की ते मुद्दाम दोनदा उघडून दाखवतात, “विमानाचं ग्रीस आहे जी, पोरानं आणलं.”