इन्व्हेंटरी सिस्टिम शिकवतो म्हणाले आणि वडिलांच्या नावावर कर्ज चढवलं

गेम डेव्हलपमेंटचा ऑनलाइन क्लास लावायच्या विचारात असाल तर हे वाचाच, आणि जमलं तर घरी आई-वडिलांनाही वाचून दाखवा. आमचे ६०,००० रुपये गेले. हप्ते अजून वडिलांच्या खात्यातून कापले जातात. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून क्लासचं नाव लिहीत नाही, पण त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगतो.

मला इन्व्हेंटरी सिस्टिम बनवायला शिकायचं होतं. खेळाडू गेममध्ये जे गोळा करतो ते साठवणारी, मोजणारी, वापरू देणारी आणि गेम बंद करून पुन्हा उघडला तरी लक्षात ठेवणारी यंत्रणा. माइनक्राफ्ट या गेममध्ये दगडाचे ६४ ठोकळे एका स्लॉटमध्ये, म्हणजे बॅगेतल्या एका खणात, मावतात, एन्डर पर्ल नावाचे मोती १६ आणि तलवार फक्त एक. असे साधे वाटणारे नियम कोडमध्ये कसे बसवतात याचं मला फार कुतूहल होतं. क्लासच्या मोफत डेमोत नेमकं तेच दाखवलं: बॅग उघडते, तलवार ओढून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकता येते, औषधाच्या बाटल्या एकावर एक साठतात. सोबत नोकरीची हमी.

चित्र ओढून इकडचं तिकडे करणं हा या कामातला सोपा भाग आहे. नवख्याला तेवढंच दिसतं, म्हणून तेवढंच दाखवून विकतात.

अवघड भाग आत असतो. वस्तूची व्याख्या आणि खेळाडूच्या हातातली वस्तू वेगळी ठेवावी लागते. लोखंडी तलवारीचं नाव, चित्र, मूळ ताकद एकदाच लिहायची. पण माझी तलवार किती झिजली ही नोंद त्या एकाच तलवारीची. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याख्येसाठी बरेच जण स्क्रिप्टेबल ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची माहितीची फाइल, वापरतात. झीजसुद्धा तिथेच लिहिली, तर एक तलवार वापरताच गेममधल्या सगळ्या लोखंडी तलवारी झिजतात, आणि युनिटीच्या एडिटरमध्ये गेम चालवून थांबवला तरी बदल तसाच राहतो. क्लासने दिलेल्या कोडमध्ये हेच होत होतं. मी लाइव्ह लेक्चरमध्ये विचारलं. सर म्हणाले, "ते ॲडव्हान्स्ड मॉड्यूलमध्ये येईल." पुन्हा विचारलं तेव्हा मला म्यूट केलं. ॲडव्हान्स्ड मॉड्यूलची फी वेगळी होती, हे नंतर कळलं.

बाकीचंही तसंच. सात बाटल्या उचलल्या आणि जागा पाचांचीच असली, की उरलेल्या दोन गायब. सेव्ह केलेला गेम उघडला की बॅग रिकामी, कारण सगळा माल डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि संख्या अशा जोड्यांच्या यादीत, ठेवलेला आणि डेटा मजकूर करून साठवायला युनिटीत असलेलं जेसनयुटिलिटी डिक्शनरी साठवतच नाही. सरांना यातलं एकही कारण सांगता आलं नाही.

मग लक्षात आलं की कोड त्यांचा नव्हताच. "आमचं स्वतःचं फ्रेमवर्क" (तयार कोडचा सांगाडा) म्हणून दिलेल्या फाइल्समध्ये एका फंक्शनच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. ते चुकीचं नाव जसंच्या तसं शोधलं, तर गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर एका परदेशी डेव्हलपरचा जुना प्रकल्प सापडला, त्या चुकीसकट. एमआयटी लायसन्सखाली, सगळ्यांना मोफत. हे लायसन्स कोड विकायलाही परवानगी देतं. अट एवढीच, की मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. इथे ती सूचना असलेली लायसन्सची फाइलच काढून टाकली होती आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर क्लासचं नाव घातलं होतं. मूळ लेखकाने तलवारीची चूक नंतर दुरुस्तही केली होती. आम्हाला विकली ती त्याआधीची आवृत्ती.

पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप आहे. बॅचमधली कितीतरी मुलं हाच कोड पोर्टफोलिओत "माझं काम" म्हणून घालणार होती. मुलाखत घेणाऱ्याने तो ओळखला असता, तर चोर ती मुलं ठरली असती.

आता कर्जाचं. फी "सोप्या हप्त्यांत" भरा म्हणाले. काउन्सेलरने वडिलांना फोन केला: "काका, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा, मुलाची सीट पक्की होईल." तो ओटीपी एका वित्त कंपनीच्या कर्जाचा होता. कंपनीने पूर्ण रक्कम क्लासला लगेच देऊन टाकली. त्यामुळे आम्ही क्लास सोडला तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकवला तर वडिलांचा सिबिल स्कोअर पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावा लागतो, आणि कूलिंग-ऑफची, म्हणजे विचार बदलायची, मुदतही. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आमची कागदपत्रं मात्र काउन्सेलरने अर्जात भरलेल्या भलत्याच ईमेलवर गेली. आम्हाला ती मिळेपर्यंत मुदत संपली होती.

पैसे परत मागितल्यावर निम्मे देतो म्हणाले, पण "कोणतीही तक्रार नाही" असं लिहून द्यायच्या अटीवर. आम्ही नकार दिला.

कुठलाही क्लास लावण्याआधी शिकवणाऱ्यालाच विचारा: माझ्याकडे दोन सारख्या तलवारी आहेत, एक झिजली तर दुसरीचं काय होतं, आणि ते तुमच्या कोडमध्ये कुठे लिहिलंय? ज्याला येतं तो दोन मिनिटांत फाइल उघडून दाखवतो. युनिटीऐवजी गोडॉट हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरलंत तरी प्रश्न तोच राहतो, कारण तिथलं रिसोर्सही (स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टसारखीच माहितीची फाइल) सगळीकडे एकच वापरलं जातं आणि वेगळी प्रत हवी असेल तर डुप्लिकेट करावं लागतं. गोडॉट पूर्ण मोफत आहे, युनिटीच्या शिकवणीच्या साइटवरचे, म्हणजे युनिटी लर्नवरचे, धडेही मोफत आहेत. मी सध्या त्यांवरच शिकतोय, आणि माझ्या तलवारी आता वेगवेगळ्या झिजतात.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ओटीपी घेऊन पैसे उकळले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० लावा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही, मुदत २ वर्षांची. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी एका रात्रीत बंद केला, म्हणून जाहिरात, नोकरीच्या हमीचे मेसेज, पावत्या आणि कर्जखात्याचा उतारा आजच वेगळीकडे जपून ठेवा. माझ्या बॅचमधल्या कुणाला तक्रारीचा मसुदा हवा असेल तर मागा, मी पाठवतो.