बोटीतलं पेट्रोल: स्टॅबिलायझर, सेपरेटर की सुटी टाकी? पैसे कशावर घालावेत

गाडीची टाकी पंधरा दिवसांत रिकामी होते. हौसेच्या बोटीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं, तेही पाण्याच्या शेजारी आणि बाहेर उघडणाऱ्या व्हेंटखाली, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या भोकाखाली. ते टिकवण्यासाठी बाजारात ढीगभर वस्तू मिळतात. त्यांतल्या चार इथे पाहिल्या आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर तो फिल्टरवर करा, बाटलीतल्या औषधाचा नंबर नंतर.

स्टॅबिलायझर

बाटलीवर ‘पेट्रोल ताजं ठेवतं’ असं लिहिलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. पेट्रोलमधले हलके, लवकर पेट घेणारे घटक हळूहळू उडून जातात आणि गार इंजिन चालू व्हायला कुरकुर करतं. हे उडणं कुठलीही बाटली थांबवू शकत नाही, घट्ट झाकणच थांबवतं. दुसरीकडे पेट्रोलमधल्या काही घटकांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो. कार्बोरेटरच्या आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, ते या डिंकाने सहज बुजतं. स्टॅबिलायझरमधली अँटीऑक्सिडंट रसायनं ही डिंकाची प्रक्रिया लांबवतात. एवढंच त्यांचं काम, आणि ते ती चोख करतात.

मात्र ती ताज्या पेट्रोलमध्येच पडायला हवीत. वास बदललेल्या, पिवळट-तपकिरी झालेल्या पेट्रोलमध्ये बाटली ओतणं म्हणजे वरातीमागून घोडं.

डोस हा या बाटल्यांमधला सर्वांत मोठा फरक आहे आणि दुकानात नेमकं तिकडेच कुणी बघत नाही. १०० लिटरची टाकी हंगामभर बंद ठेवायची आहे असं धरा. स्टाबिल या ब्रँडच्या लाल बाटलीचा डोस साडेनऊ लिटरला ३० मिली, म्हणजे टाकीला ३०० मिलीच्या थोडं वर. निळ्या स्टाबिल ३६० मरीनचा साठवणुकीचा डोस १९ लिटरला ३० मिली, म्हणजे दीडशेच्या आसपास. सी फोम हा दुसरा ब्रँड साठवणुकीसाठी वापरायचा तर ३.८ लिटरला ६० मिली, म्हणजे टाकीला दीड लिटरहून जास्त! तेव्हा बाटलीची किंमत बघू नका, एका टाकीला किती लागेल त्याची किंमत काढा. सी फोम साचलेली घाण काढायलाही वापरतात, त्यामुळे लहान आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला, ते परवडतं. मोठ्या टाकीसाठी निळी बाटली सरस, कारण तिच्यात गंज रोखणारे घटक आहेत आणि दर भरण्याला निम्म्या डोसात ती चालते.

ओतायचा क्रम असा: आधी मोजलेलं स्टॅबिलायझर टाकीत, मग वरून पेट्रोल, म्हणजे धारेच्या जोराने ते आपोआप मिसळतं. भरलेल्या टाकीत वरून ओतलं आणि बोट बांधून ठेवली तर ते नीट पसरत नाही. त्यानंतर इंजिनाला थंड होण्यासाठी पाणी जोडून ते किमान दहा मिनिटं चालवा. औषध घातलेलं पेट्रोल नळीतून कार्बोरेटरपर्यंत, इंजेक्शनच्या इंजिनात व्हेपर सेपरेटर टाकीपर्यंत (इंजिनावरची छोटी टाकी, पाण्याचा फिल्टर नव्हे) पोचायला तेवढा वेळ लागतो. बहुतेकांचा हाच टप्पा राहून जातो. टाकीतलं पेट्रोल उत्तम आणि कार्बोरेटरच्या वाटीत डिंक, हा प्रकार त्यातूनच होतो.

पाणी वेगळं करणारा फिल्टर

पेट्रोलमध्ये पाणी शिरलंय आणि मालक स्टॅबिलायझर वाढवतोय, हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बोटीतल्या पेट्रोलचा खरा शत्रू पाणी आहे.

१० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, म्हणजे ई१०, साधारण १५ अंश सेल्सियसला जेमतेम अर्धा टक्का पाणी आपल्यात विरघळवून ठेवतं. लिटरला सुमारे ५ मिली, एक चहाचा चमचा. त्याच्या पलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. तापमान उतरलं की ही सहनशक्तीही उतरते, म्हणून दिवसा ठीक दिसणारी टाकी थंड रात्रीनंतर दगा देते. इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच ओढत असल्यामुळे पहिला घोट त्या पाणी-इथेनॉलच्या थराचाच जातो. एकदा थर पडले की कुठलंही रसायन ते भरवशाने परत एकजीव करत नाही, ‘एन्झाइम’वाल्या बाटल्यासुद्धा नाहीत. पंपावर १० टक्क्यांहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर आधी इंजिनाचं मॅन्युअल उघडा. बहुतेक आउटबोर्डची मर्यादा दहालाच संपते.

फिल्टर घेताना १० मायक्रॉनचाच घ्या. २८ मायक्रॉनचे स्वस्त मिळतात, पण बारीक घाण त्यांतून निसटते. प्रवाहाची क्षमता इंजिनाच्या भुकेपेक्षा बरीच जास्त हवी. ढोबळ हिशेब असा की पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात १०० हॉर्सपॉवरला ताशी सुमारे ३८ लिटर पितं. खाली पारदर्शक वाटी आणि निचऱ्याची तोटी असलेले रॅकोरसारखे फिल्टर आउटबोर्डसाठी फार सोयीचे, पाणी डोळ्यांना दिसतं. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर मात्र प्लास्टिकची वाटी नको, धातूचीच. बंद खोलीत आग लागली तर प्लास्टिक वितळून पेट्रोल आगीतच सांडतं.

तो टाकी आणि हाताने दाबायच्या रबरी फुग्याच्या मध्ये, पटकन हात जाईल अशा जागी बसवा. गॅसकेटवर तेलाचं बोट फिरवा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर छापलेला तेवढाच वेढा द्या, सहसा अर्धा ते पाऊण. पाना लावून आवळू नका. मग फुगा बाणाची दिशा वर ठेवून दाबत राहा. तो कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय. पहिला संशय जुनं गॅसकेट वरच चिकटून राहिल्याचा, दुसरा नळीच्या क्लॅम्पचा. याच्या उलट, इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर मागून पेट्रोल येत नाहीये. फिल्टर तुंबलाय, व्हेंट बंद आहे, नाहीतर टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी तुटली तर पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) अडकलाय.

दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता, पंधरा मिनिटं हलवू नका आणि उजेडासमोर धरून तळाकडे बघा. स्वच्छ पेट्रोल एकसंध दिसतं. पाणी असेल तर तळाशी थेंब फिरताना दिसतात किंवा एक सरळ रेषा दिसते. नक्की कळत नसेल तर खायच्या पातळ रंगाचा एक थेंब टाका. पाण्यात तो पसरतो, पेट्रोलमध्ये गोळी होऊन तसाच खाली बसतो. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पाणी सापडलं तर डेकवरच्या पेट्रोल भरायच्या झाकणाची रबरी रिंग आधी तपासा. ती चपटी झाली किंवा तिला भेगा पडल्या की प्रत्येक पाऊस आणि प्रत्येक धुणं टाकीत उतरतं. ही रिंग चिल्लर किमतीत येते. फिल्टरवर फिल्टर बदलणारे लोक तिला मात्र वर्षानुवर्षं हात लावत नाहीत.

२५ लिटरची सुटी टाकी

लहान आउटबोर्डला हीच उत्तम, कारण ती उचलून जमिनीवर ठेवता येते. भरायची तीही जमिनीवरच, बोटीत ठेवून नव्हे. नोझलचं धातूचं टोक टाकीच्या तोंडाला सतत टेकलेलं ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. बोटीत ती तळाशी जाऊन साचते, जमिनीवर पसरून विरते.

गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोल दर १० अंशांना जवळपास १ टक्का फुगतं. २५ लिटर पेट्रोल सावलीतून उन्हात जाऊन २० अंशांनी तापलं तर अर्धा लिटर जागा जास्त मागतं. २३ लिटरला थांबा.

अमेरिकेच्या २०११ पासूनच्या नियमांनुसार बनलेल्या टाक्यांबद्दल सर्वांत जास्त कुरबुर ऐकू येते ती फुगण्याची. त्यांचा व्हेंट आतला दाब ५ पीएसआयला पोचेपर्यंत बंदच राहतो, त्यामुळे उन्हात टाकी अक्षरशः गरोदर दिसते. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. धोका वेगळाच आहे: नळी इंजिनाला जोडलेली राहिली तर तोच दाब पेट्रोल इंजिनात ढकलतो आणि कार्बोरेटर तुंबून वाहू लागतो. बोट उभी केली की टाकीकडचा कनेक्टर काढून ठेवा. ते लक्षात राहणार नसेल तर नळीत डिमांड व्हॉल्व्ह बसवा. इंजिनाने ओढलं तरच तो उघडतो. झाकण उघडताना आधी पाव वेढा फिरवून दाब जाऊ द्या.

टू-स्ट्रोकसाठी ५०:१ मिश्रण करायचं तर लिटरला २० मिली तेल, म्हणजे २३ लिटरला ४६० मिली. तेल आधी, निम्मं पेट्रोल, हलवा, मग बाकीचं. असं मिश्रण महिन्याभरात संपवावं.

व्हेंटवर चिकटवायची बाटली

सक्शन कपने बाहेरून व्हेंटवर बसते आणि भरताना उसळून बाहेर येणारं पेट्रोल पाण्यात पडू देत नाही. बिल्ट-इन टाकी असेल तर जरूर घ्या. बोटीतली भरायची नळी लांब आणि वळणाची असते, त्यामुळे पंपाच्या नोझलचं आपोआप बंद होणं भरवशाचं नाही. व्हेंटमधून गुळगुळ आवाज वाढला की हात ढिला करायचा, हीच खरी खूण. कप मात्र ओल्या किंवा मेणकट पृष्ठभागावर निसटतात. आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि तरीही एक शोषक पॅड हाताशी ठेवा.

बाटली लावली म्हणून बाकीचा क्रम चुकत नाही. इंजिन, शेगडी, विजेची बटणं बंद. माणसं धक्क्यावर. खिडक्या आणि हॅच बंद, म्हणजे वाफ आत उतरणार नाही. टाकी ९० टक्क्यांवर थांबवा. भरून झाल्यावर सगळं उघडा, बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळातली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा आणि मग स्वतः वाकून वास घ्या. वास येत असेल तर चावीला हात लावू नका. आणि झाकणावरची अक्षरं दरवेळी वाचा! मासेमारीचा गळ खोचायच्या भोकात किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पेट्रोल ओतणारे हुशार लोक प्रत्येक धक्क्यावर भेटतात.

आधीच बिघडलेलं असेल तर

वरीलपैकी एकही वस्तू कामाची नाही. थर पडलेल्या टाकीतलं वरचं पेट्रोलही वापरू नका, इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन घसरलेला असतो आणि इंजिन ठोकायला लागतं. टाकी पूर्ण उपसावी लागते, आणि इंजिनाच्या नळीतून ते होत नाही, कारण ती तळापासून थोडी वर संपते आणि पाणी नेमकं तिच्या खाली उरतं. टाकीवरचा पेट्रोलची पातळी मोजणारा सेंडर काढून त्या भोकातून, टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात नळी घालून हातपंपाने काढा. घरगुती विजेचा पंप लावू नका, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. उपसलेलं पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये भरून घातक कचऱ्याच्या केंद्रात द्या, आणि नवं भरण्याआधी फिल्टर बदला.