अकरा महिने वापरलेला राउटर आणि त्याचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर

जूनच्या 20 तारखेला दुपारी चार ते सहा या दोन तासांत आमचा राउटर सात वेळा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. मी सांगलीत घरी बसून जीएसटीची कामं करते, आणि महिन्याची 20 तारीख म्हणजे 3बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. ओटीपी टाकेपर्यंत लाइन जायची. परत लॉगिन, परत कॅप्चा. शेवटचे तीन रिटर्न मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरले, आणि त्याच रात्री संतापून या राउटरला पाचपैकी एक तारा दिला. आज तो बदलून साडेतीन करते आहे. उरलेला दीड कशासाठी कापला, ते सविस्तर सांगायचंय.

राउटर घेतला दिवाळीनंतर, 2,900 रुपयांच्या आसपास. एएक्स 1500 वर्गातला, वाय-फाय 6 चा, म्हणजे वाय-फायच्या सहाव्या पिढीचा. त्याच्याहून हजार रुपयांनी स्वस्त एक 1200 वाला मिळत होता, आणि मी तो जवळजवळ घेतलाच होता. पण खोक्याच्या मागे बघितलं तर त्याची लॅनची, म्हणजे तार लावायची, भोकं नुसती 100 एमबीपीएसची. म्हणजे खोक्यावर मोठा आकडा 1200, आणि तारेतून आत येणार जास्तीत जास्त 94-95. तो 1200 म्हणजे वाय-फायच्या दोन बँडची, 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची, बेरीज, तीही 1167 वरून वर ओढलेली. माझा प्लॅन तेव्हा 100 चाच होता, तरी पुढे 200 चा घ्यायचा विचार होता, म्हणून हजार रुपये जास्त घातले. हा निर्णय बरोबर ठरला. फेब्रुवारीत प्लॅन वाढवला आणि गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या, पोर्टमुळे पूर्ण 200 मिळाले. राउटर घेताना एवढी एक ओळ तरी वाचाच.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. कंपनीच्या पांढऱ्या डब्याला, म्हणजे फायबरच्या ओएनटीला, ब्रिज मोडमध्ये टाकायला लावलं, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो, पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा, युजर-पासवर्ड राउटरमध्ये भरला आणि डब्याचं वाय-फाय बंद केलं. बाबा खालच्या मजल्यावरून रोज रात्री ताईशी व्हिडिओ कॉल करतात, तो एकदाही अडकला नाही.

एप्रिलच्या मध्यापासून सुरू झालं. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. मला वाटलं, फायबर कुठे दाबली गेली असेल. लाइनवाला मुलगा मीटर घेऊन आला. फायबरमधल्या प्रकाशाची ताकद उणे 21 डीबीएम. उणे 27 च्या आसपास गेलं की काळजी करायची, तेव्हा लाइन ठणठणीत. “ताई, आमच्याकडून क्लिअर आहे,” म्हणाला. माझा विश्वास बसला नाही, मी त्याला आणखी दोनदा बोलावलं. त्याची चूक नव्हती, हे मला आता माहीत आहे. पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याला तसं सांगितलंही.

तेव्हा मला एक साधी गोष्ट माहीत असती तर दीड महिना वाचला असता. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ नावाचा आकडा असतो, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. नेट गेलं आणि अपटाइम चार दिवस दाखवत असेल, तर गडबड लाइनची किंवा कंपनीची. नेट गेलं आणि अपटाइम तीन मिनिटं असेल, तर राउटर स्वतःच बंद पडलाय. माझा दर वेळी दोन-तीन मिनिटं दाखवायचा.

मग सुरू झाली कस्टमर केअर. रीसेट करा. फर्मवेअर अपडेट करा. पुन्हा रीसेट करा. पाच वेळा तोच संवाद, दर वेळी नवा माणूस, दर वेळी मी सुरुवातीपासून सांगायचं. शेवटी म्हणाले, कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या, फक्त राउटर आणा, बाकी काही नको. मी पन्नास किलोमीटर एसटीने गेले. त्यांनी तो टेबलावर त्यांच्याकडच्या अ‍ॅडॉप्टरला लावला, तासभर चालवला आणि कागदावर लिहून दिलं: दोष आढळला नाही. घरी आणला, आणि संध्याकाळी बाबांच्या कॉलमध्ये तिसऱ्या मिनिटाला बंद.

त्या रात्री मला त्या कागदाचा अर्थ लागला. राउटर तोच होता, अ‍ॅडॉप्टर वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात अ‍ॅडॉप्टर घेऊन गेले. काकांनी आधी मल्टिमीटर लावला: 12.1 व्होल्ट. मी हिरमुसले, कारण लेबलवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर असंच छापलंय. पण काका म्हणाले, “असं मोकळं मोजून काय कळतंय? थांब.” त्यांनी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब जोडला. बल्ब लागला, मिणमिणला, आणि मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर 9 च्या खाली उतरला. 10 वॅट म्हणजे 0.83 अँपिअर. छापलेल्या 1 अँपिअरपेक्षाही कमी भार, आणि तेवढ्यातच त्याने दम टाकला. काकांनी त्याचं कवच उघडून दाखवलं. आतल्या कपॅसिटरचं, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्याचं, डोकं फुगलेलं होतं.

मग सगळ्याचा मेळ लागला. राउटर नुसता पडून असतो तेव्हा त्याला फार कमी वीज लागते, म्हणून रात्रभर तो नीट चालायचा. कॉल सुरू झाला, मोठी फाइल चढायला लागली, दोन्ही बँड एकदम बोलायला लागले की ओढ वाढते, व्होल्टेज पडतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. 20 तारखेलाच सगळ्यात जास्त वेळा का पडला, त्याचं उत्तर हे होतं.

यात माझ्या बाजूने एक गोष्ट झाली होती. राउटर टीव्हीच्या बंद कपाटात होता आणि अ‍ॅडॉप्टर सेट-टॉप बॉक्सच्या मागे, एक्स्टेंशन बोर्डावर दाटीवाटीत. सांगलीतला एप्रिल-मे, त्यात बंद लाकडी कपाट. उष्णतेने असे कपॅसिटर लवकर सुकतात, हे काकांनीच सांगितलं. आता दोन्ही वस्तू भिंतीवर उघड्या, डोक्याच्या उंचीवर आहेत. ते मान्य. पण जो राउटर जास्तीत जास्त ओढ लागताना 1 अँपिअरच्या काठावर जातो, त्याला नेमका 1 अँपिअरचाच अ‍ॅडॉप्टर का द्यावा? माझे तारे इथे कापले आहेत. 2,900 रुपयांच्या वस्तूत वीस-तीस रुपये वाचवायचे, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाने दोन महिने लाइनवाल्याशी भांडायचं, हे मला पटत नाही.

काकांकडून 12 व्होल्ट 2 अँपिअरचा नवा घेतला, 280 रुपये. अँपिअर जास्त असल्याने राउटर जळेल अशी भीती मला होती. तसं होत नाही, राउटर त्याला लागते तेवढीच वीज ओढतो. व्होल्ट मात्र तंतोतंत तेच हवेत, आणि पिनची जाडी व मधला प्लस-मायनस जुळायला हवा. लेबलवर त्याचं छोटं चित्र असतं, ते जुन्याशी ताडून घ्या. जुलैच्या 3 तारखेला नवा लावला. अपटाइम त्यानंतर पहिल्यांदा एकोणतीस दिवसांवर गेला, आणि तोही मीच कपाट हलवायला बंद केला म्हणून थांबला.

वाय-फायबद्दल थोडक्यात. आमचं घर जुनं आहे, खालच्या भिंती दीड फुटी. 5 गिगाहर्ट्झ माझ्या वरच्या खोलीत 190 देतो, बाबांच्या खोलीत 20 वर येतो. तिथे 2.4 च चांगलं. दोन्ही बँडना एकच नाव देणारी सोय मी बंद केली आणि दोन वेगळी नावं ठेवली, कारण बाबांचा फोन दूरच्या 5 ला चिकटून बसायचा. 2.4 चं चॅनल ऑटोवर न ठेवता 11 केलं. शेजारचे बहुतेक 1 आणि 6 वर आहेत. प्रिंटर डब्ल्यूपीए3 या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीमध्ये जोडलाच जात नव्हता, डब्ल्यूपीए2 केल्यावर लगेच जोडला गेला. वाय-फाय 6 साठी पैसे वाया गेले असं मी मार्चमध्ये म्हणत होते. ऑगस्टमध्ये नवा लॅपटॉप आला, त्यावर मोठ्या फाइली चढवताना बाबांचा कॉल चालू असला तरी काही जाणवत नाही. तेव्हा ते म्हणणं मागे घेते.

आता वीज. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी दोन-तीन तास जाते. म्हणून सप्टेंबरमध्ये मिनी यूपीएस घेतला, 1,450 रुपये. तो घेताना दोन गोष्टी बघा. एक, त्यावर राउटर आणि ओएनटी दोन्ही चालले पाहिजेत. नुसता राउटर जिवंत राहून उपयोग नाही, पांढरा डबा बंद असेल तर वाय-फायच्या चार काड्या दिसतात आणि नेट नसतं. दोन, 10,000 एमएएच हा बॅटरीच्या क्षमतेचा आकडा सेलच्या 3.7 व्होल्टचा असतो, 12 चा नाही. म्हणजे 37 वॉट-तास. माझे दोन्ही डबे मिळून साधारण 12 वॉट घेतात, थोडी वीज रूपांतरात जाते, तेव्हा हिशोबाने अडीच तास. प्रत्यक्षात मिळतात दोन तास वीस मिनिटं. आणि त्याला भिंतीकडून 2 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतोच, कारण तो डबे चालवता चालवता बॅटरीही भरत असतो.

सर्व्हिस सेंटरला मी बल्बसकट मीटरचा व्हिडिओ पाठवला आहे. राउटरला तीन वर्षांची वॉरंटी आहे, अ‍ॅडॉप्टर त्यात धरायचा की नाही यावर त्यांचं अजून ठरत नाहीये. मला 280 रुपये नकोत. माझ्या कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहिलंय, ते बदलून ‘अ‍ॅडॉप्टर सदोष’ असं लिहून हवंय. तक्रार उघडी आहे, आणि दर सोमवारी मी फोन करते.